टिकली

वन खात्याच्या भोयेसाहेबांनी माझी शेळी नेली,
वहीत सही घेऊन, तीन रात्रींच्या बोलीवर.
म्हणाले, काही होत नाही तिला, ताई,
मधे जाळी असते.

मी दिली.
वामनचं कुत्रं गेलं होतं, नळावर पोरांनी डोळे पाहिले होते,
पाथर्डीत सातलाच कड्या लागत होत्या.
माझं चुकलं असं अजूनही वाटत नाही मला.
चुकलं नाही, एवढंच वाटतं.

त्या रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी पोरांचा वर्ग भरला.
गांगुर्डेकाका गोष्ट सांगत होते.
चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये काढलेला माणूस,
बोलतानाही अंगठ्यानं काहीतरी मोजत असतो.
एका जन्मी तो सांबर होता, काका म्हणाले,
दुष्काळात एका लांडगिणीचं दूध आटलं,
पिल्लं नुसती सालपटासारखी,
तेव्हा सांबर आपण होऊन तिच्यापुढं गेलं
आणि गुडघे मोडून बसलं.
मग शेवट, नेहमीचा:
ते सांबर म्हणजे मीच होतो, भिक्खूंनो,
ती लांडगीण अमुक, ती पिल्लं तमुक.

उत्पलानं हात वर केला. माझी पोरगी, नऊ वर्षांची.
काका, आमची टिकली पिंजऱ्यात आहे.
ती पण पुढं बुद्ध होणार?
पोरं खिदळली. काकांचा अंगठा थांबला.
म्हणाले, बाळा, सांबर पायांनी गेलं,
टिकली दोरीनं गेली.
दान आपलं आपण द्यायचं असतं.

मग टिकली कुणी दिली?

कुणीही माझ्याकडं पाहिलं नाही.
सगळ्यांनी मिळून पाहिलं नाही.

पहिल्या रात्री ती तीनपर्यंत ओरडली,
उसाच्या कडेवरून थेट माझ्या उशीत.
दुसऱ्या रात्री थांबून थांबून.
तिसऱ्या रात्री काहीच ऐकू येईना,
तेव्हा मी उठून बसले.

उजाडता सगळं गाव मोबाईल वर धरून उभं.
बिबटीण गजांवर डोकं आपटत होती, नाकातून रक्त.
जाळीच्या अलीकडं टिकली,
पत्र्याला इतकी चिकटलेली की पत्राच वाटावी.
आणि मग बिबटीण वळली,
मला तिची आचळं दिसली. भरलेली.
बाई आहे मी, मला दुसरं काय दिसणार?
भोयेसाहेबांनाही दिसली.
पुटपुटले, उसात पिल्लं असतील हिची.

दुपारी तोडणीवाल्यांना सापडली. दोन. डोळे नुकते उघडलेले.
साहेब दारात आले, चोरासारखे.
द्राक्षाचं क्रेट आहे का, ताई?
ह्या वेळी वही नव्हती, सही नव्हती.
क्रेट मी धुतलं, आत माझा जुना परकर घातला,
मग काढला. माणसाचा वास नको.
उसाचं पाचट घातलं.
गावाला काय सांगायचं ते साहेब बघतील म्हणाले.
मी म्हणाले, मला तर काही माहीतच नाही.

रात्री पिंजरा लांबून उघडला म्हणे.
क्रेट सकाळी आडवं पडलेलं, रिकामं,
एका कडेला दातांची खूण.
त्यात मी परत द्राक्षं भरली नाहीत.

उत्पला वहीत लिहीत बसली होती,
काकांनी सांगितलेला अभ्यास, कोण कोण होतं.
बिबटीण: बिबटीण.
पिल्लं: पिल्लं.
टिकली: टिकली.
पिंजरा:
तिथं पेन्सिल बराच वेळ टोकली.
मग विचारलं, आई, क्रेट पण धरायचं का?
मी भाकरी उलटत होते.
म्हटलं, काकांना विचार.

टिकली आता दूध देते, चरते,
हाक मारली तर येते.
दोरी घेऊन गेले तर मागं सरकते,
भिंत लागेपर्यंत.
मी दोरी खुंटीला टांगून ठेवलीय.